परत येऊन लिहिणारा

दुपारी रक्तपेढीची माणसं त्यांच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम बघायला येणार होती आणि माझा कोड कंपाइलच होईना, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्रामच बनेना. कोडला डेटाबेसशी जोडून देणारी हेडर फाइल सापडत नाही, एवढं एकच कॉम्प्युटरचं रडगाणं.

"अगं, डेटाबेस तर चालतोय की!" ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मेधाताई म्हणाल्या.

चालत होताच. शेवटी इंटरनेटवर प्रश्नोत्तरांच्या एका जुन्या फोरमवर हाच प्रश्न दिसला. कुणी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. खाली विचारणाऱ्यानेच लिहिलं होतं, "सापडलं. डेटाबेस टाकला तरी हेडर फाइली येत नाहीत, त्यांचं डेव्हलपमेंट पॅकेज वेगळं टाकावं लागतं. पुढे कुणाचं अडलं तर असू दे, म्हणून लिहून ठेवतोय."

ते पॅकेज टाकलं आणि कोड मुकाट कंपाइल झाला.

मी मात्र त्या ओळींकडेच बघत राहिले. त्याचं काम झालं होतं, खिडकी बंद करून तो जाऊ शकला असता. पण पाणी पिऊन झाल्यावर मागून येणाऱ्यासाठी माठ भरून ठेवावा, तसा तो परत आला होता. आभार लिहायला गेले, तर ती चर्चा केव्हाच बंद झालेली.

"चल, माणसं आली," मेधाताईंनी हाक मारली.

उठताना वाटलं, ज्याला कुणीच उत्तर दिलं नाही, त्याने मला दिलं.