ऋतुजाची दुपारची फेरी

ऋतुजा गेली, हे माझ्या म्हशींना अजून कुणी सांगितलेलं नाही.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऋतुजा माझी भाची, अक्काची एकुलती एक. मेव्हणे लवकर गेले, तेव्हापासून मायलेकी आमच्याच घरी. पोरगी व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला होती. हॉस्टेलवर ताप आला, डेंग्यू निघाला, आणि आम्ही पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं.

आमच्या घरातली पहिली डॉक्टर होणार होती. म्हशींची का असेना.

मला तेव्हा गंमत वाटायची. गंगावेशीत दूध कट्ट्यावर एक म्हैस उभी करून, गिऱ्हाइकासमोर धार काढून धंदा सुरू केलेला माणूस मी. आज गोठा आहे, पशुखाद्याचं दुकान आहे. मला कुणी म्हैस शिकवायची?

तिला एक विषय होता, अ‍ॅनिमल वेल्फेअर. मी म्हणायचो, माझ्या म्हशींचं कल्याण कधीच झालंय. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवतो, मोरपिसं लावतो, गावभर मिरवतो, गाडीमागं पळवतो.

"आणि पुढं सायलेन्सर काढलेली बुलेट," ती म्हणाली. "मामा, एकदा म्हशीच्या जागी तुम्ही पळून बघा की."

त्या पाडव्यापासून बुलेट बंद झाली. मित्रांनी वर्षभर टिंगल केली.

प्रोजेक्टही तिनं आमच्याच गोठ्यात केला. दिसायला अगदी सोपा. दुपारची वैरण पडली, की गव्हाणीच्या पुढनं सावकाश चालायचं. हात पुढे, तळवा खाली. एकेका म्हशीसमोर थांबायचं. ती किती जवळ येऊ देते, आणि कुठे मागं सरते, तेवढं बघायचं.

मी विचारलं, यात म्हैस पास कशी होते?

"परीक्षा म्हशीची नसते मामा. माणसाची असते."

मग मला चालायला लावलं. मी साफ नापास. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या मागं सरल्या. गळ्यातल्या साखळ्या ताणून नुसती खणखण.

म्हणाली, आधी तुमचा आवाज कमी करा.

ती चालायला लागली, की साखळ्या ढिल्या पडायच्या. म्हैस नाक पुढे करायची आणि साखळी गव्हाणीच्या काठावरनं सरकायची. सर्रर्र. थोडं थांबून पुढची. सर्रर्र.

माझे कान लहानपणापासून तिखट. दुकानाच्या गल्ल्यावर बसून मला कळायचं, पोरगी आता कुठल्या म्हशीपाशी आहे.

ती गेली, आणि अक्कानं गोठ्यात पाऊल टाकायचं सोडलं. जेवणही सोडल्यात जमा. बाई डोळ्यांदेखत वाळत चालली.

एक दिवस म्हणाली, "म्हशी इकून टाक. वरडल्या की वाटतंय, तिलाच हाका मारत्यात."

आमची आई गेल्यावर मला अक्कानं वाढवलंय. तिचा शब्द मी मोडत नाही. सगळा जन्म त्या जनावरांत गेला, तरी हो म्हणालो. म्हशी परत उभ्या करता येतील. अक्का कुठनं आणू?

परवा दुपारी निपाणीकडचा व्यापारी आला. मुरलेला माणूस, निम्मं आयुष्य जनावरांच्या बाजारात गेलेला. अक्का गोठ्याच्या दारापर्यंत आली. वर्षात पहिल्यांदा. जाणाऱ्या जनावरांना एकदा बघून घ्यावं, असं वाटलं असेल.

वैरण नुकतीच पडली होती. व्यापाऱ्यानं जवळच्या एका म्हशीच्या कपाळाकडे हात नेला. ती मागं सरली. दुसरीही सरली. साखळ्या खणखणल्या. नवख्या माणसाला असंच होतं. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला, आणि बोलणी सुरू करणार, एवढ्यात

पलीकडच्या टोकाला साखळी सरकली.

सर्रर्र.

मी लगेच मान वळवली नाही. कानांनी ओळखलं होतं, डोळ्यांना धीर होत नव्हता.

त्या टोकाच्या पहिल्या म्हशीनं वैरणीतनं तोंड काढलं होतं. नाक पुढे, कान सैल. समोर कुणी नाही. पत्र्याच्या फटीतनं ऊन पडलेलं, तेवढंच.

तिनं नाक खाली घातलं. दुसरीनं वर केलं.

मग तिसरी.

मधे जरा वेळ जायचा. सावकाश चालणाऱ्या माणसाला लागेल तेवढाच.

सगळ्या गोठ्यातला चघळायचा आवाज थांबला होता. एक मारकी म्हैस आहे, ती मला आजही जवळ येऊ देत नाही. तिनं जीभ बाहेर काढली आणि हवा चाटली. तळवा असतो त्या उंचीवर.

व्यापारी खालच्या आवाजात म्हणाला, "पावणं, कोन हाय तितं?"

"कोन न्हाय."

"मग ह्या कुनाला बघत्यात?"



साखळ्या वाजत वाजत आमच्या समोरनं पुढे गेल्या. शेवटची म्हैस दाराशी असते. दारात अक्का.

शेवटच्या म्हशीनं नाक वर केलं. खाली घातलं.

आणि अक्का बाजूला सरकली.

पदर सावरून, उंबऱ्यातनं कुणाला तरी वाट द्यावी तशी.

मग घराकडे वळून, रोजच्या आवाजात म्हणाली, "आदी हात धू. मग ताटावर बस."

व्यापारी चहासुद्धा न घेता गेला. जाताना एवढंच बोलला, की वाट बघणारं जनावर आपण घेत नसतो.

काल दुपारची वैरण अक्कानं स्वतः टाकली. घरात येऊन दोन ताटं वाढली, आणि वर्षानं पोटभर जेवली.

दुसऱ्या ताटाचं मी विचारलं नाही.

खाली कुणाला श्रद्धांजली लिहायची असेल त्यांनी लिहा, तुमचे उपकार आहेत. माझ्याच्यानं तो शब्द लिहवत नाही.

म्हशी कुठेही जात नाहीत, पोरी.

सावकाश जा, ऋतुजा.