उत्पादन: एक नग

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आकडा मागायला जा, आकडा मिळत नाही, किस्सा मिळतो! आकडे मी वर पाठवून देते. किस्से वर कोणी मागत नाही, म्हणून ते माझ्याचकडे पडून राहिले. आता तर चार मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "तुझं फॅक्टरीवालं काहीतरी सांग न वं." त्यांना हसू येते. मला पहिले यायचं, आता येत नाही. पण सांगते.

काम काय, तर दर महिन्याला ठरलेल्या फॅक्टऱ्यांमध्ये जायचं आणि विचारायचं, मागच्या महिन्यात माल किती काढला? विकला किती ते नाही, काढला किती. पांढुर्ण्यात जिनिंग, तेलाची मिल, सौंसरकडे पाइप आणि पुठ्ठ्याचे खोके. आमचे फॉर्म वरच्या ऑफिसात जातात, तिथं सगळीकडचे आकडे जमा होतात, कोणत्या मालाला किती वजन द्यायचं ते लावतात, आणि एक दिवस टीव्हीच्या खालच्या पट्टीवर येते की देशाचं औद्योगिक उत्पादन वाढलं, नाहीतर घटलं. त्या पट्टीत आमचा हिस्सा कणकेतल्या मिठाएवढाही नाही. तरी एका माणसाची नोकरी आमच्या या फॉर्मावर टिकून आहे. लोधीखेड्याच्या रस्त्यावर खोक्यांची फॅक्टरी आहे, तिथले क्लार्क बागडे भाऊ. कशी टिकून आहे ते येईलच.

*

राऊत भाऊ जिनिंगमध्ये मुनीम. कापूस येतो दिवाळीच्या आसपास, होळीपर्यंत मशीन चालते, मग गेटला कुलूप. पण फॉर्म बारा महिने भरायचा. जूनला शून्य, जुलैला शून्य, ऑगस्टला शून्य.

शून्य दिसलं की आमच्या साहेबांना चैन पडत नाही. हिंदी बोलणारे आहेत, माणूस वाईट नाही, पण वरून विचारतील या भीतीनं स्वतःच आधी विचारून ठेवतात. "जाके देखो ताई, सचमुच बंद है क्या." मी गेली. भर आषाढात, छत्री घेऊन, तिगावच्या बाजूनं चिखल तुडवत. गेटला कुलूप, कुलपाला जंग, आत शेडमध्ये चौकीदाराच्या बकऱ्या. राऊत भाऊंना फोन लावला तर ते घरी जेवून राहिले होते.

"ताई," ते म्हणाले, "आषाढात कापूस फुटला त मीच फोन करीन. पयले देवाले, मंग तुमाले."

मी अहवालात लिहिलं, "हंगामी कारणानं बंद." पुढच्या महिन्यात साहेबांनी मला परत तिथंच पाठवलं.

*

बागडे भाऊंचं नेमकं उलटं. त्यांचा फॉर्म तारखेच्या आधी यायचा आणि आकडा असा की त्याला हात लावायची हिंमत होऊ नये. रजिस्टरवर भरवसा ठेवणारा माणूस नाही. महिना संपला की स्वतः गोदामात जाऊन खोके मोजायचे.

एकदा त्यांचा फोन आला. "ताई, मागच्या महिन्याचा आकडा एकानं कमी गेला."

"एक हजारानं?"

"नाही जी, एकानं. एका खोक्यात मांजर व्यायली होती. मोजाले गेलो त अंगावर आली. आता पिल्लं बाहेर निघाले, खोका मोकळा झाला."

मी म्हटलं, राहू द्या भाऊ. ते कशाचे राहू देतात! दुसऱ्या दिवशी सौंसरहून बस पकडून पांढुर्ण्याला आले, हातात दुरुस्तीचा लेखी कागद. साहेब म्हणाले, "इतने से क्या फर्क पड़ता है?"

"तुमाले नाही पडत साहेब," बागडे भाऊ म्हणाले, "पण खोका त होता ना."

साहेबांनी कागद ठेवून घेतला. पुढे त्या कागदाचं काय झालं ते मी विचारलं नाही, बागडे भाऊ मात्र दोनदा विचारून गेले.

*

पाइपच्या फॅक्टरीत घोळ मापाचा. फॉर्ममध्ये आकडा टनात लागतो. एक महिना तिथला मुनीम पोरीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेला आणि मालकाच्या भाच्यानं फॉर्म भरला. त्यानं पाइपांचे नग मोजले आणि टनाच्या रकान्यात टाकून दिले. माझ्याही नजरेतून सुटलं, खोटं काहून बोलू. कागदावर त्या महिन्यात सौंसरनं इतके पाइप काढले की नर्मदेपर्यंत लाइन टाकून वापस आणली असती!

वरून कोणी काही विचारलं नाही. वाढ होती ना. पुढच्या महिन्यात मी आकडा नीट केला, आणि तिसऱ्याच दिवशी फोन. एवढी घट काहून? मी सांगितलं, घट नाही, मागचा आकडा चुकला होता. मग तेव्हा का नाही सांगितलं? मला म्हणायचं होतं, तेव्हा तुम्ही विचारलं कुठं. पण म्हटलं नाही. कंत्राटी माणसाची अर्धी उत्तरं पोटातच राहतात.

त्यानंतर वरच्या कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं आहे. आकडा निम्म्यापेक्षा जास्त हलला, वर असो की खाली, की लाल खूण येते आणि कोणीतरी जागेवर जाऊन तपासायचं. कोणीतरी म्हणजे मी.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधात रोवलेलं पळसाचं झाड, आणि दोन्हीकडून दगड. एका साली तेलाच्या मिलचे निम्मे कामगार डोक्याला टाके घेऊन घरी बसले, आणि मिलचा आकडा पडला.

फॉर्ममध्ये घटीचं कारण ठरलेल्या यादीतूनच निवडावं लागते. वीज नाही, कच्चा माल नाही, मागणी नाही, संप. आता यात गोटमार कुठं बसवायची? साहेबांनी बराच विचार केला आणि खूण केली, "कच्च्या मालाचा तुटवडा."

मी म्हटलं, "साहेब, माणसं होते ते."

"ताई, अपना काम गिनना है, रोना नहीं."

मी त्या दिवशी रडत नव्हती. चिडली होती. पण माझ्याजवळ दुसरं कारण तरी कुठं होतं यादीत, म्हणून मी सही करून दिली.

*

हा पुढचा लहानसाच आहे, पण तो समजला की बाकी समजते. फॉर्म आलाच नाही तर काय करायचं? त्याचीही सोय आहे. कॉम्प्युटर मागच्याच महिन्याचा आकडा परत धरून घेतो.

वैशाखाच्या वादळात पाइपच्या फॅक्टरीची टिनं उडाली. मशीन भिजल्या, दोन महिने काम बंद. मुनीम टिनं शोधेल की फॉर्म भरेल? फॉर्म आला नाही, आणि कागदावर फॅक्टरी मस्त चालत राहिली. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो उघड्या शेडमध्ये डोक्यावर दुपट्टा घेऊन बसला होता.

"बरं झालं ताई," तो म्हणाला. "मालकाले सांगतो, इथली बंद पडली त पडली, कागदावरची चालू आहे. तिकडंच राहाले जा."

*

आता बागडे भाऊंचं.

त्यांचे खोके संत्र्यासाठी जायचे. मग व्यापाऱ्यांनी प्लास्टिकचे क्रेट आणले. खोका एकदा वापरला की संपला, क्रेट धुतला की परत नवा. एका बहारात मागणी अर्धी झाली, दुसऱ्या बहारात फॅक्टरी बंद. पोरं बुटीबोरीच्या फॅक्टऱ्यांमध्ये गेली, बाया संत्र्याच्या तोडीवर गेल्या. मालक नागपूरला राहतो. त्यानं बागडे भाऊंना एकट्याला ठेवलं आणि सांगितलं, "सरकारी कागद येतात तोवर तुम्ही राहा. कागद बंद, तुम्हीही बंद."

एकेक कागद यायचा थांबला. शेवटी राहिला फक्त माझा फॉर्म. आणि आमच्याकडचा नियम असा की हंगामी नसलेल्या फॅक्टरीनं सलग तीन महिने शून्य दिलं की तिचं नाव यादीतून कटते आणि तिच्या जागी दुसरी घेतात. नाव कटलं की फॉर्म बंद, फॉर्म बंद की बागडे भाऊ घरी. सत्तावन्न वर्षांचा माणूस. या वयात त्यांना बुटीबोरीत कोण उभं करते?

पहिल्या शून्याच्या वेळी मी समोर बसली होती. त्यांनी पेन उघडला, बंद केला. म्हणाले, "ताई, जिनिंगवाल्याले हंगामी लिवून देता. आमालेबी लिवता नाही येत?"

"हंगाम कोणता लिहू भाऊ?"

त्यांनी पेन परत उघडला.

मग मी जे बोलायला नको ते बोलली. म्हटलं, "भाऊ, फॉर्म पाठवूच नका. मागचाच आकडा लागेल, चार-सहा महिने निघून जातील."

"म्हणजे खोटं."

"खोटं नाही, अंदाज."

"मी रोज सकाळी कुलूप उघडून पाहतो ताई. मले अंदाज कसा होईन?"

त्यांनी शून्य लिहिलं. पुढच्या महिन्यात परत शून्य. ते दुसरं शून्य पिशवीत घालून मी बसमध्ये बसली आणि सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत रडली. शेजारची बाई म्हणाली, "कोणी गेलं का जी?" मी नाही म्हटलं. काय सांगणार होती तिला?

*

तिसऱ्या महिन्याचा फॉर्म तारखेच्या आधी आला. उत्पादन: एक नग.

मी लगेच फोन लावला. "भाऊ, हे काय?"

"एक बांधला."

"कोणी?"

"मीच. कापलेल्या शीटा पडून होत्या. हातानं पिना मारल्या. पाहाले या न."

"पण घेणार कोण तो?"

"ताई, तुमचा फॉर्म विचारते काढला किती. घेतला कोणं, ते कुठं विचारते?"

मी तो आकडा वर पाठवला. चुकीचा नव्हता, मग अडवू कशी? यादीत नाव राहिलं, आणि शून्यावरून एकची टक्केवारी निघत नाही म्हणून लाल खूणही आली नाही. पुढच्या महिन्यात फॉर्म आला: दोन नग.

दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. कॉम्प्युटरवर लाल खूण. वरून फोनही येऊन गेला होता, की तुमच्या जिल्ह्यात एका युनिटचं उत्पादन एका महिन्यात शंभर टक्के वाढलं, नवीन मशीन बसवली का, दुसरी पाळी सुरू केली का? साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होता. "पूरे जिले में नंबर एक पे है," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "जाके देखो ताई."

मी गेली. वीज कापलेली, शेडमध्ये दारातून येईल तेवढाच उजेड. बागडे भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून जमिनीवर बसले होते. समोर या महिन्यातला पहिला खोका, अर्धा उभा. मोठा स्टेपलर दोन्ही हातांनी दाबावा लागे, आणि दोन्ही हात स्टेपलरवर गेले की पुठ्ठ्याचा पल्ला उघडून पडे. गुडघ्यानं दाबून पाहिला, तरी निसटला. बोटाला पिन लागलेली दिसत होती. मला पाहून उठायला लागले, मी म्हटलं बसा.

मी पिशवी खाली ठेवली, बाजूला बसली आणि पल्ला धरला. त्यांनी पिन मारली. खोका फिरवला, मी दुसरा पल्ला धरला. चारही झाले. ते उठले, रजिस्टरमध्ये एक रेघ ओढली.

मी तपासणीचा कागद काढला. नवीन मशीन: नाही. पाळ्या: एक. वीज: नाही. पाहणीच्या वेळी प्रत्यक्ष काम करताना दिसलेले कामगार: एक. वाढीचं कारण मी कोरंच ठेवलं आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढं केला.

त्यांनी चष्मा लावला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली. वाचल्याशिवाय सही करणाऱ्यातले नाहीत. एका ओळीवर बोट थांबलं.

"हे चुकलं, ताई."

"काय चुकलं?"

"एक नाही. दोन लिवा. खोका धरला कोणं होता?"

मी एक खोडलं आणि दोन लिहिलं. मग त्यांनी सही केली.