छोट्या देशाची तीन विमानं

मी वर्गात फारशी बोलत नाही, त्यामुळे किस्से आतल्या आत साठत जातात. शनिवारच्या शेवटच्या तासाचे तर इतके साठलेत, की आता कुणाला तरी सांगायलाच हवेत.

शीतयुद्ध नीट समजावं म्हणून आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गातच जग मांडलं होतं. माझ्या बाकावरची नसरीन अमेरिका झाली, अंजूरहून येणारी रंजना रशिया. मला सर म्हणाले, "तू नसरीनच्या गटातला छोटा देश हो. बोलावं कमी लागेल."

"सर, ती देश नसली तरी तेवढंच बोलते!" रंजना म्हणाली.

*

शस्त्रं म्हणजे कागदी विमानं. शेजारचा देश माझ्यावर डोळे वटारत होता आणि नसरीनकडे कधीही मागा, उत्तर एकच: "नेक्स्ट शनिवार, पक्का!"

रंजनाने मात्र तासाला दुकानच लावलं. "दोन आवळ्यांना तीन विमानं! वर गॅरंटी!"

सर ओरडले, "अगं, हे शीतयुद्ध आहे, बाजार नाही!"

"मंग इकायचं न्हाय का, सर?"

सरांनी जरा विचार केला. "बरं, वीक."

मी तीन घेतली.

*

त्या दिवसापासून नसरीनने बाकाच्या मधोमध दप्तर उभं केलं. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. मध्ये कधी पट्टीसुद्धा ठेवली नव्हती. डबाही ती पलीकडे तोंड करून खायची. मी माझा डबा अर्धाच खाऊन बंद करायचे.

सरांनी तिला समजावलं, "लवकर मिळाली, घेतली. त्यात एवढं काय?"

"सर, विमानाचं काही नाही. त्याच्याबरोबर मेकॅनिक येतो ना! अब्बांनी समोरच्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे लूमचा मेकॅनिक, आमच्या लूमच्या दुरुस्तीला बोलावला. चार दिवसांत आमच्या कापडाचं डिझाइन त्यांच्या लूमवर!"



*

आणि मेकॅनिक खरंच यायला लागला! मधल्या सुट्टीत रंजना 'सर्व्हिसिंगला' म्हणून आमच्या बाकावर यायची आणि नसरीनच्या डब्यात डोकावून सगळ्या वर्गाला बातमी द्यायची, "आज अंडं हाय!"

*

मग एका शनिवारी सरांनी जाहीर केलं, "छोट्या देशावर हल्ला! मित्राकडे मदत माग."

मी उभी राहिले. अमेरिकेचं नाव घ्यायचं होतं, पण तोंडातून निघालं, "नसरीन..."

ती फळ्याकडे बघत म्हणाली, "सर, हिची विमानं आमच्या रडारवर दुश्मनाची दिसतात. ओळखू कशी?"

वर्ग हसला. मी खाली बसणार, तेवढ्यात तिने माझी तिन्ही विमानं ओढून घेतली, प्रत्येक पंखावर हिरव्या स्केचपेनने मोठं 'आपलं' लिहिलं आणि मधलं दप्तर उचलून खाली ठेवलं.

मागून रंजना ओरडली, "सर, रंगवलं ना तिनं! आता गॅरंटी न्हाय हां!"