अंगणातली बादली

फिशटँकसाठी आज बादली भरली, तर नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास आला. खापरखेड्याच्या क्वार्टरमधली लहानपणीची दिवाळी आठवली.

आईने घराबरोबर माशांचा टँकही घासून लख्ख केला, नळाच्या ताज्या पाण्याने भरला. संध्याकाळी सगळे मासे उलटे होऊन तरंगत होते.

"स्वच्छ पाण्यात काहून मेले वं आई?" मी विचारलं.

"वय झालं होतं बापा त्यायचं," बाबाच म्हणाले. दसऱ्यालाच तर आणले होते! मला काही कळेना.

क्लोरीन उडावं म्हणून बाबा पाणी दिवसभर बादलीत ठेवायचे, हे आता कळतं. म्हणजे मासे कशाने मेले, ते त्यांना ठाऊक होतं. पण रिकामा टँक माळ्यावर गेला, तरी आई रोज अंगणात एक बादली भरून ठेवायची. ती कोणासाठी, हे मला अजून उमगलेलं नाही.