भिंतीबाहेरचं बाळ

आधीच सांगते, मला भुताखेतांचं वेड नाही. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हाच अंगारे-धुपारे सगळं बंद झालं. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवणारी! कुणी असले किस्से सुरू केले की मी सरळ उठून जाते. तरीही हे लिहितेय... कारण हे ऐकीव नाही, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

सत्तरच्या दशकातलं दौंड. आम्ही मूळचे शिरूरकडचे, पण वडील इंजिनावर फायरमन, म्हणून रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारी डॉरिस आंटी – अँग्लो-इंडियन, कॅथलिक, गार्डसाहेबांच्या विधवा. एकेकाळी रविवारी त्यांच्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नसायची म्हणे. आता एकेक कुटुंब सामानसुमान विकून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला चाललेलं. आंटींनाही बहिणीनं बोलावलं होतं, पण त्या काही केल्या जाईनात.

"शांताबाई, मेरा बेबी इधर है. मी कशी जाणार?" एकदा त्या आईला म्हणाल्या, तेव्हा सगळं कळलं.

त्यांचा पहिला मुलगा जन्मला आणि लगेच गेला. बाप्तिस्मा झाला नव्हता, नावही ठेवलं नव्हतं. तेव्हाच्या फादरनी दफनभूमीत जागा दिली नाही, त्या काळी त्यांच्यात तशी रीतच होती. गार्डसाहेबांनी अंगातल्या ड्यूटीच्या कोटात बाळ गुंडाळलं आणि भिंतीबाहेर एका लिंबाखाली पुरलं. आंटी बाळंतीण, त्यांनी जागा पाहिलीच नाही. नवऱ्यानं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढं तेही गेले, आणि तो लिंबही कुणीतरी तोडला.

आई म्हणाली, "म्हंजी येवढ्याशा जिवाला बी गावकुसाबाहेरच?" तिची स्वतःची अर्धी हयात गावकुसाबाहेर गेलेली. तिला ते फार लागलं.

त्या वर्षी आंटींनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनीही हात टेकले. आंटींचं एकच मागणं – मला बाळाजवळ पुरा. नवे फादर भला माणूस. म्हणाले, जागा दाखवा, मी प्रार्थना करून ती पवित्र करतो, भिंतही पुढं घेऊ. पण जागा दाखवणार कोण?

नोव्हेंबरात त्यांचा मृतांचा दिवस असतो, कबरींवर मेणबत्त्या लावतात. आम्ही आंटींना टांग्यातून नेलं, फादरही होते. नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावून आंटी भिंतीबाहेर आल्या आणि दरवर्षीसारख्या दुसरी मेणबत्ती हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. कुठं ठेवायची तेच ठाऊक नाही हो! मला बघवेना.

आईनं ती मेणबत्ती त्यांच्या हातातून घेतली आणि "बाळा... ए बाळा..." अशी हाक मारत बाभळीतून चालू लागली.

"आई, काय चाललंय तुझं?" मी वैतागले.

ती थांबली. छातीशी हात नेला आणि मटकन खाली बसली. मी धावले. तिची चोळी ओली झाली होती... दुधानं! पन्नाशी उलटलेली माझी आई. माझा धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात जात होता.

"हितंच हाय गं त्ये," ती रडत म्हणाली. "भुकेलंय."

फादरनी तिथली माती काढायला लावली. हातभर खाली एक पितळी बटण लागलं – गार्डच्या कोटाचं. पुढं त्यांनी खोदू दिलं नाही. आंटींनी बटण मुठीत घट्ट धरलं. "मी एवढी वर्षं येते... मला का नाही बोलावलं त्यानं?"

आईनं त्यांना पोटाशी धरलं, आणि दोघी तिथंच मातीत बसून रडल्या.

नाताळाआधीच आंटी गेल्या. त्यांना तिथंच पुरलं, भिंत पुढं सरकली. पुढं मी एका डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनी हार्मोन्सचं काहीतरी सांगितलं. असेलही. पण नेमकं त्याच जागेवर? विज्ञान शिकवण्यात जन्म गेला माझा, अजून मला उत्तर सापडलेलं नाही.

आंटी जाण्याआधी फादरनी त्यांना विचारलं होतं, दगडावर बाळाचं नाव काय लिहायचं? आंटींनी आईकडं बोट केलं – "तिनं हाक मारली ना, तेच." म्हणून त्या दगडावर सगळं इंग्रजीत आहे, आणि आंटींच्या नावाखाली एकच शब्द मराठीत – बाळ.