उलट्या वायरींचा काटा

आमच्या धंद्यात त्या आकड्याला काउंट म्हणतात. कॉलेजात शिकलेले इंजिनियर कोड म्हणतात. एका जाडजूड मराठी पुस्तकात मी त्याला ‘अंकीय निर्गत’ असं म्हटलेलं वाचलं, तेव्हा तोंडातला चहा नाकातून यायचा राहिला. असलं नाव घेऊन दूध संस्थेत गेलो तर सेक्रेटरी मला काट्यासकट बाहेर घालवील.

मी कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो. काट्याच्या पोटात धातूचा एक तुकडा असतो. वर वजन पडलं की तो केसभर वाकतो, त्यातनं इवलीशी वीज निघते आणि एक चिप तिचा आकडा करते. तो काउंट. तो किलो नव्हे, ग्रॅम नव्हे, नुसताच आकडा. आधी मोकळ्या काट्याचा काउंट बघायचा, मग पाच किलोचं लोखंडी माप ठेवून बघायचा, आणि त्या फरकावरनं काट्याला शिकवायचं की बाबा, किलो म्हणजे एवढं. त्याआधी लाखाचा आकडा दिसला तरी बघणाऱ्याला काय कळणार, कप्पाळ!

हे सगळं मी बायकोला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं. ती मुरगूडची, म्हशींच्या घरातली. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळं ती उंबऱ्यात बसून मेथी निवडत ऐकायची आणि म्हणायची, “व्हय, कळलं की.” मी मनात म्हणायचो, कळलं डोंबल!

दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात दुखणं निघालं. साधं नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “रोज सकाळी वजन बघा आणि आठवड्याला मला कळवा. वजन टिकलं तर औषध पेलेल.” त्याच दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर तिचं वजन दोन किलो कमी भरलं. तिनं ते बघितलं आणि घरी येऊन दोन दिवस ताटाला हात लावला नाही. “काय उपेग हाय का आता खाऊन?” एवढंच म्हणाली. मी घाबरलो. ती जेवली नाही तर सगळंच संपलं, हे मला दिसत होतं.

मग मी घरासाठी एक काटा बांधला. त्याला किलो शिकवलेच नाहीत, नुसते काउंट दाखवायला लावले. आणि सिग्नलच्या दोन वायरी उलट्या जोडल्या. नवशिके ही चूक हमखास करतात. वजन ठेवलं की आकडा खाली जातो आणि उचललं की वर येतो. मी ती मुद्दाम केली. आकडा उणे जाऊ नये म्हणून त्यात दोन लाख मिळवले. म्हणजे ती जसजशी हलकी होईल तसतसा आकडा मोठा होणार. आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे काटे सरळ केले, आणि एकच खोटा बांधला तो घरात!

रोज सकाळी चहाच्या आधी ती माझ्या खांद्याला धरून उभी राहायची. “चढतो बघा,” म्हणायची. मग, “किती आलं वो?”

“एक लाख अठरा हजार दोनशे चाळीस,” मी मोठ्यानं वाचायचो. “कालच्यापेक्षा वाढलाय.”

“बरं की मग.”

ती उतरायच्या आत मी एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं बटण बंद करायचो. मोकळा काटा सगळ्यात मोठा आकडा दाखवतो, तो तिला दिसता कामा नये ना! मग ती चूल गाठायची. गॅस असूनही भाकरी चुलीवरच. माझ्यापुढं ताट ठेवायची आणि म्हणायची, “आकडा वाढलाय, आता तुमी पण जेवा पोटभर. बारीक झालायसा.” मलाही घास जायचा. खोटं माझंच, पण तिच्या तोंडून ऐकलं की खरं वाटायचं.

आठवड्याला मी गच्चीवर जाऊन डॉक्टरांना खरे किलो सांगायचो. छप्पन. बावन्न. अठ्ठेचाळीस. खाली यायच्या आधी टाकीच्या नळावर तोंड धुवायचो.

एक लाख छत्तीस हजारांच्या पुढं आकडा गेला नाही. त्याच्या आधी ती गेली.

पंधरा दिवस पाहुणे होते, मग घर रिकामं झालं. त्या रिकामपणाला काय नाव द्यायचं ते कुठल्याच पुस्तकात नाही. नवीन वर्ष लागलं तेव्हा स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर काढलं. त्याच्यावर ती दुधाचे खाडे लिहायची. पान उलटलं तर मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं आकडे.

वर लिहिलं होतं, मोकळा काटा दोन लाख. खाली, पाच किलोचं माप, एक लाख ब्याण्णव हजार सातशे. मग वजाबाकी, भागाकार आणि उत्तराखाली दोन रेघा, किलोला एक हजार चारशे साठ. तारीख बघितली. त्या दिवशी मी इचलकरंजीला सुताच्या काट्याच्या कामाला गेलतो. तिला पाण्याची कळशी उचलवत नव्हती, आणि दुकानातनं आतल्या खोलीत पाच किलोचं लोखंड तिनं कसं आणलं असेल? ओढत आणलं असेल. आणि परत जागेवर नेऊन ठेवलं, मला पत्ता नाही!

त्याखाली रोजची ओळ. मी वाचलेला आकडा, पुढं खरे किलो. एक चूक नाही. आणि त्याच्याही पुढं, “दोन भाकरी.” “दीड भाकरी.” “आकडा वाढला म्हटलं, दोन खाल्ल्या.” मला वाटलं, आपलं जेवण लिहितेय. पण तेव्हा तिला पेजसुद्धा जात नव्हती. त्या भाकरी माझ्या होत्या.

शेवटची ओळ होती, “चव्वेचाळीस. अर्धीच खाल्ली. उद्या गोड कायतरी करायला पायजे.”

मला राग आला, खोटं कशाला सांगू. अगं, सांगितलं असतंस तर दोघं मिळून रडलो तरी असतो. एकाच घरात, एकाच काट्याशी उभं राहून दोघांनी एकच गोष्ट एकेकट्यानं सोसली. 

त्या काट्याच्या वायरी अजून उलट्याच आहेत. काल सकाळी त्याच्यावर मी चढलो. आज परत चढलो. आकडा कालच्यापेक्षा मोठा आला. सवयीनं मोठ्यानं वाचला, “वाढलाय,” म्हणालो. उतरून चूल पेटवली.

मग पीठ काढलं आणि दोन भाकरी थापल्या. वाकड्या झाल्या, पण दोन्ही खाल्ल्या, आणि त्याच कॅलेंडरच्या मागं लिहिल्या.