घर उनं

दुपारी दादाचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. "माई, तुझी वहिनी उठत नाहीये गं," एवढंच म्हणाला. फोन मात्र चालू राहिला... दिवसकार्याची गर्दी ओसरली, पाहुणे गेले. आता कुठे लिहायला धीर होतोय.

वहिनी नामपूरची. लग्न होऊन नाशिकला अंबडमध्ये आली आणि कारखान्यात जाणाऱ्या दादाच्या पाळ्यांवर तिचे दिवस बेतले गेले. तिची अहिराणी आमच्या घरात कुणाला येत नव्हती. माहेरचा फोन आला की तिचा आवाजच सैल व्हायचा. तिची आई वारली तसे ते फोनही थांबले. "आता माझी बोली माझ्यापाशीच," एकदा हसत म्हणाली होती. मी त्या हसण्याकडे फार लक्ष दिलं नाही.

यंदा वहिनीच्या लेकीनं तिला मालदीवला पाठवायचं ठरवलं. दादाला विमानाची धास्ती, म्हणून सोबतीला मी. तिथं एका सकाळी पाण्यावरून उडणाऱ्या छोट्या विमानातून बेटं दाखवायला नेलं. वैमानिक चक्क अनवाणी. वहिनीला कोण हसू आलं! इंजिनाची घरघर एवढी, की कानात घालायला स्पंजचे बोळे दिले होते. खाली निळ्या पाण्यात एकामागून एक बेटं... मी फोटोंत गुंग. सहज वळून पाहिलं, तर वहिनीचे ओठ हलत होते. माझ्याशी नाही, खिडकीकडे तोंड करून. मग तिनं शांतपणे पट्टा सोडला आणि उठू लागली. मी हात धरला. गारठून गेला होता. खाली एक बेट होतं. घर नाही, माणूस नाही, नुसती पांढरी वाळू आणि थोडी झाडी. ते दिसेनासं होईपर्यंत ती मान वळवून पाहत राहिली.

धक्क्यावर उतरल्यावर म्हणाली, "मला उठू का नाही दिलंस? आई हाका मारत होती."

"वहिनी, काहीतरीच! एवढ्या आवाजात?"

"उतर वं माय, घर उनं, असं म्हणाली. घर आलं म्हणे."

"अगं, कानात बोळे होते ना तुझ्या?"

"म्हणून तर ऐकू आलं."

 तिच्या आईनं गावच्या मोसम नदीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, समुद्र तर नाहीच.

नाशिकला परतल्यावर वहिनी दाराला कडी लावेनाशी झाली. दादा चिडायचा. "चोर येतील घरात!" ती म्हणायची, "येणाऱ्यासाठी नाही हो... जाताना अडायला नको." पोळ्या लाटताना अहिराणीत काहीबाही बोलायची, मध्येच थांबून ऐकल्यासारखं करायची आणि मान डोलवायची. तब्येतीची तक्रार काहीच नव्हती.

त्या दिवशी दादा भाजी घेऊन आला तर दार लोटलेलं, वहिनी दिवाणावर कुशीवर. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. पण घरात कधी चप्पल न घालणाऱ्या वहिनीच्या पायांत बाहेरच्या चपला होत्या. त्या माझ्यादेखत दादानंच काढल्या, आणि त्याबद्दल तो अजून कुणाशी बोललेला नाही.

गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडे राहायला गेले होते. जेवणं झाल्यावर दादानं सवयीनं कडी लावली आणि तो दिवाणावर आडवा झाला. जरा वेळानं उठला, कडी काढली, दार नुसतं लोटलं आणि पुन्हा झोपला. मी खुर्चीत बसून होते. वारा नव्हता, तरी दार हळूच थोडं आत आलं... "कोण?" माझ्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात दादानं झोपेतच पाय पोटाशी घेतले, कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तसे.